सामाईक सातबारा, परस्पर विक्री आणि तीन आत्या

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर वाचता येईल. देवगड तालुक्यात खाडीकडच्या गावी घर, हापूसची कलमं आणि वरकस (हलकी, उताराची जमीन) धरून दीड हेक्टर जमीन, सगळी एका सातबाऱ्यावर. पणजोबांकडून ती आजोबांना आली. आजोबा 1991 साली गेले, आजी 2001 साली. मागे दोन मुलगे, म्हणजे तुमचे वडील आणि काका, आणि तीन मुली. वडील आणि काका आता हयात नाहीत, तुम्ही डोंबिवलीला. काकांच्या मुलाने एका बाहेरच्या माणसाला चाळीस गुंठ्यांचं खरेदीखत करून दिलं आणि चतुःसीमेत (चारही बाजूंच्या हद्दींत) नेमका रस्त्यालगतचा, कलमांचा सपाट तुकडा लिहिला. खरेदीखतात '1985 साली तोंडी वाटप झाले असून' असं एक वाक्य आहे. शिमग्यानंतर जेसीबी येऊन गेला. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर खरेदीदाराचं नाव चढवण्याच्या नोंदीची, नोटीस तुमच्या हातात आहे. तुम्ही विचारलंय की खरेदीखत रद्द होईल का, आत्यांना 'मध्ये आणायची' गरज आहे का, आणि फेरफारावर हरकत घेतली की भागतं का.

मी तीस वर्षं याच पट्ट्यात दिवाणी कामं करतोय. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मुदत त्यालाच आहे.

नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र अजून तलाठीच. तेव्हा तलाठी ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. 'फोनवर सांगितलंय, ते बघतो म्हणाले' असं करू नका. हरकत लेखी आली की नोंद तक्रारीची होते, मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी लागते आणि खरेदीदाराचं नाव आपोआप चढत नाही. निकाल विरोधात गेला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) साठ दिवसांत अपील. एवढं करायलाच हवं.

पण एवढ्याने भागत नाही. मंडळ अधिकारी मालकी ठरवत नाही, त्याला तो अधिकारच नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ पक्षकार खुर्चीत बसायच्या आधी विचारतात, 'वकीलसायबा, सातबाऱ्यार नाव आसा मा, मगे?' नाव असणं चांगलंच. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. मात्र उलट सिद्ध करता येतं. फेरफाराने हक्क निर्माणही होत नाही आणि बुडतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वेळा सांगितलंय की आता युक्तिवादात तेवढं वाक्य वाचायचाही कंटाळा येतो. तरीही आमच्याकडे भाऊ-भाऊ प्रांत, अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त अशी दहा वर्षं फेरफारावर भांडतात आणि शेवटी आदेश येतो: दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून घ्यावा. ती दहा वर्षं आणि ते पैसे फुकट जातात.

आता विक्री. 'रद्द' हा शब्द तुम्ही डोक्यातून काढा. महाराष्ट्रात एकत्र कुटुंबातल्या सहहिस्सेदाराला स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो, त्याला तुमची संमती लागत नाही. हे ऐकून लोक माझ्यावरच चिडतात. पण पुढचं ऐका: त्याला हिस्सा विकता येतो, जागा विकता येत नाही. खरेदीदार फक्त त्याच्या जागी उभा राहतो. कोर्टात येऊन वाटप मागण्याचा हक्क त्याला मिळतो. चतुःसीमा लिहून कलमांच्या तुकड्यात जेसीबी घालण्याचा मिळत नाही. त्या खरेदीखतावर तुमची सही नाही, म्हणून ते रद्द करून मागायचीही गरज नाही. ते आमच्या हिश्शावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं. कोर्ट फीच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे.

मग चुलतभावाचा हिस्सा किती? इथे पेन-कागद घ्या.

आजोबांना पाच मुलं. आजी-आजोबा दोघेही गेल्यावर प्रत्येक शाखेला एक पंचमांश, म्हणजे दीडशे गुंठ्यांत तीस गुंठे. काकांच्या शाखेत काकू, तो आणि त्याची बहीण असे तिघं, म्हणजे त्याच्या वाट्याला दहा गुंठे. विकले चाळीस. काकू आणि त्याची बहीण यांच्या सह्या खरेदीखतावर नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा खरेदीदाराच्या पदरात जास्तीत जास्त दहा गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा पडला. बाकी तीस गुंठ्यांचे पैसे त्याने चुलतभावाकडून वसूल करावेत, तो त्यांचा आपसांतला प्रश्न. चाळीसच का लिहिले याचा माझा एक अंदाज आहे. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, 2023 पासून जिरायतीला वीस गुंठे आहे. दहा गुंठे जिरायत लिहिली असती तर दुय्यम निबंधकाच्या टेबलावरच अडली असती.

समोरचा वकील म्हणेल की आजोबा 1991 सालीच गेले, मुलींना हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, तेव्हा आत्यांचा संबंधच काय. हा मुद्दा 2020 पर्यंत खरोखर वादाचा होता. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट नाही. म्हणून पाच सारखे हिस्से.

आणि गंमत बघा, जुना हिशेब केला तरी आत्या शून्यावर येत नाहीत. 'आधी मुलींना काहीच नव्हतं' ही समजूत चूक आहे. 1956 च्या मूळ कायद्यात 1991 साली काय झालं असतं? आजोबा वारले त्या क्षणी वाटप झालं असं मानायचं: आजोबा, आजी, दोन मुलगे, प्रत्येकी पाव. आजोबांचा पाव हिस्सा आजी आणि पाच मुलं अशा सहांत, म्हणजे एकेकाला एक चोविसांश. पुढे 2001 साली आजीचा सगळा हिस्सा पाच मुलांत. बेरीज करा, प्रत्येक आत्याला बरोबर एक दशांश येतो, म्हणजे पंधरा गुंठे. मुलग्यांना प्रत्येकी साडेबावन्न. त्या हिशेबातही चुलतभावाचे होतात साडेसतरा गुंठे, चाळीस नव्हेतच. समोरच्याने कुठलंही गणित मांडू दे, खरेदीखत जास्तीचं आहे. (हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं गणित. याच किनाऱ्यावरच्या मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना ते लागू नाही, त्यांनी यावरून स्वतःचे हिस्से काढू नयेत.)

म्हणूनच ते 'तोंडी वाटप' खरेदीखतात आलंय. ते वाक्य उगाच लिहिलेलं नाही. वाटप झालं असं ठरलं तर तुकडा त्याचा, मग चतुःसीमाही खरी. कायदा काय म्हणतो? वारसा कायद्याच्या कलम 6 मध्ये संरक्षण आहे ते 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या वाटपाला, आणि वाटप म्हणजे नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. तोंडी वाटप अगदी अपवादाने मानतील, तेही सरकारी कागदांनी ते स्पष्ट दिसत असेल तर. आपल्याकडे होती ती वहिवाट. वडील वरचा कोपरा करायचे, काका खालचा, कारण काकांचा गोठा खाली होता. याला कोकणात कोणीही 'आमची वाटणी झालेली' म्हणतो आणि उलटतपासणीत तेच बोलून बसतो. तुम्ही बोलू नका. 'सोयीने वहिवाट' हेच खरं आहे आणि तेच सांगा. मात्र मलाही एक बघायचंय: 1985 नंतर पोटहिस्से पडून वेगळे सातबारे, वेगळी आठ-अ (जमीनधारणेची) खाती झालीत का? तुम्ही म्हणता एकच सातबारा आहे. तसं असेल तर त्यांचं तोंडी वाटप लंगडं आहे. पण जुने हस्तलिखित सातबारे आणि 1960 पासूनचे फेरफार काढून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. कॉम्प्युटरवर सातबारे चढवताना गाळलेल्या ओळी मी पुष्कळ बघितल्यात.

आता आत्या. तुमच्या पत्रातला हाच भाग मला खटकला. 'आत्यांना मध्ये आणलं तर त्या हिस्सा मागतील' असं लिहिलंय. मागू देत की. सहहिस्सेदार सगळे पक्षकार नसले तर वाटपाचा दावा त्याच मुद्द्यावर पडतो, हे एक. दुसरं, तुमचं सगळं गणित आत्यांच्या हिश्शावर उभं आहे. आत्या नाहीत असं म्हटलंत की चुलतभावाच्या शाखेला अर्धी जमीन, पंचाहत्तर गुंठे, आणि काकू किंवा त्याची बहीण यांच्यातलं कोणी उद्या फुटलं तर चाळीस गुंठे सहज बसतात. म्हणजे आत्यांना वगळून तुम्ही समोरच्याचीच बाजू लढताय.

सातबारा परत नीट बघा. आजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत बहुतेक ठिकाणी मुलगे कब्जेदार सदरी (मालकांच्या रकान्यात) आणि मुली 'इतर हक्कात' टाकलेल्या असतात. किंवा थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दोन्हींमुळे मुलीचा हक्क कमी होत नाही.

मधल्या आत्यांनी 1998 साली शंभराच्या स्टँपवर हक्कसोड लिहून दिलंय म्हणता. नोंदणी आहे का? नसेल तर त्या कागदाने स्थावरातला हक्क सुटत नाही. त्यावरून फेरफार झाला असला तरीही नाही. असा कागद माझ्या टेबलावर मागच्याच पावसात आला होता. सत्तरीच्या बाई, औषधाच्या दुकानातल्या पिशवीत चार घड्या घालून आणलेला, घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेली. खाली त्यांचा अंगठा. मी विचारलं, 'तुम्ही शाळेत गेला होता ना?' तर म्हणाल्या, 'सातवी पास. पण भावाने इंक पॅडच पुढे केलं.' चोळी-बांगडीला बोलावून, जेवण झाल्यावर सही घेतलेली असते. माहेरची वाट बंद होईल या धाकाने बाया 'नको मला काय' म्हणतात, आणि त्या 'नको'चा पुढे कागद होतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात मोबदले आले तेव्हा त्या बहिणी जाग्या झाल्या. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावांना गेलेला आणि वाटणीचा वाद महामार्ग कायद्याच्या कलम 3एच(4) खाली दिवाणी न्यायालयात. तुमच्या मधल्या आत्यांना खरंच हिस्सा नको असेल तर आज नोंदणीकृत हक्कसोड करता येतं, वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र आहे. पण ते दावा संपल्यावर, आणि त्यांनी स्वतःच्या वकिलाशी बोलून. माझ्याकडूनच नको.

थोरल्या आत्या गेल्या, मुलं आणि यजमान म्हापशाला. त्या सगळ्यांना पक्षकार करा, यजमानांना विसरू नका. गोव्यात स्थायिक माणसाच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही तिथला पोर्तुगीज नागरी कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली होझे पाउलो कुटिन्हो यांच्या प्रकरणात ठरवलंय, आणि त्या कायद्यात नवरा-बायकोच्या सामाईक मिळकतीचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. सीमेवरच्या तालुक्यांत हा गुंता अधूनमधून निघतोच.

धाकट्या आत्या 'कुठे सही करू सांग' म्हणतात. त्यांना वादी क्रमांक एक करा. महाराष्ट्रात 1994 पासून मालमत्तेच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. फी तुमच्या हिश्शापुरती लागेल. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात डोंबिवलीच्या पुतण्यापेक्षा त्या घरात जन्मलेली, कलमं कोणी कधी लावली हे सांगणारी मुलगी कितीतरी भारी पडते.

दावा असा: वाटप आणि स्वतंत्र कब्जा, सरस-निरस मानाने (जमिनीची प्रत बघून), अधिक खरेदीखत आमच्या हिश्शावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागणं, अधिक कायम मनाई. सोबत निशाणी 5 चा अर्ज, म्हणजे दावा चालू असेपर्यंतची मनाई, आणि जागेवर जाऊन पाहणी करणारा कोर्ट कमिशनर. कमिशनरचा अर्ज त्याच दिवशी. कलमं किती, घेर किती, जेसीबीने कुठला गडगा पाडला, हे पावसाच्या आत कागदावर यायला हवं. एका पावसाळ्यानंतर रान वाढलं की उकरलेलं काय आणि जुनं काय, कळत नाही. पोलिसांत गेलात तर 'दिवाणी बाब' म्हणून समजपत्र देतील, तेवढंच.

दाव्याच्या जोडीला आणखी एक काम, जे मी एकदा केलं नव्हतं. वकिली सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. मनाई मिळाली, मी निवांत. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच चालू दाव्यातल्या खरेदीदारावर निकाल बांधील ठेवण्याचं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 चं संरक्षण पक्कं बसतं. मी ती नोंदवली नाही. प्रतिवादीने मनाई धुडकावून जमीन तिघांना विकली, तिघेही म्हणाले आम्हाला दाव्याची खबरच नाही. त्यांना पक्षकार करण्यात, त्यांच्या कैफियती येण्यात आठ वर्षं गेली. पक्षकार मला काही बोलला नाही. दर दिवाळीला आंब्याच्या साठांचा पुडा घेऊन यायचा, त्याचीच जास्त लाज वाटायची. तेव्हापासून दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात लिस पेंडन्सची, म्हणजे त्या नोटिशीची, नोंद.

घराबद्दल काळजी करू नका. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला सामाईक कब्जा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44. तो वाटप मागायला कोर्टात आला तर घरातला त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला कुटुंबाने विकत घ्यायचा, ही सोय 1893 च्या वाटप कायद्यात आहे. जमिनीच्या बाबतीत पहिल्या खरेदीचा हक्क वारसा कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे आणि 2019 च्या बाबू राम निकालाने तो शेतजमिनीलाही लागतो. पण तो हक्क काकांच्या वारसांचा, म्हणजे काकू आणि तुमची चुलतबहीण यांचा, तुमचा नव्हे. त्यांच्याशी बोलणं आहे का? असेल तर आजच बोला.

खरेदीदार शेतकरी नाही असं कळलंय म्हणून कूळ कायद्याच्या कलम 63 खाली (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई) तहसीलदाराकडे अर्ज करू का, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. माहिती काढा, त्याचा शेतकरी दाखला मागवा, दाव्यात मुद्दा घ्या. अर्जाची घाई नको. कलम 84क प्रमाणे व्यवहार अवैध ठरला आणि त्या दोघांनी मुदतीत तो मागे फिरवला नाही, तर जमीन सरकारजमा होण्याची तरतूद आहे. अविभक्त जमिनीत सरकार सहहिस्सेदार होऊन बसलं तर मग वाटप कोणाशी करणार? चुलतभावावरच्या रागापोटी हा अर्ज करणारे मी पाहिलेत.

वेळ किती लागेल? निशाणी 5 चा निकाल महिन्यांत, दाव्याचा वर्षांत. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कागद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसील, तिथून मोजणी, आणि प्रत्येक टेबलावर तुमचा माणूस उभा लागतो. वरचं अपील ओरोसला, जिल्हा न्यायालयात. त्यापुढे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात आहेत, त्यामुळे रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणं सुटलं. मधल्या काळात खरेदीदार स्वतःच तडजोडीला येईल असं मला वाटतं. दहा गुंठ्यांसाठी दहा वर्षं थांबणारा तो नसतो. आलाच तर बोलणी लोकअदालतीत न्या, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

येताना घेऊन या: आजोबांच्या आणि आजीच्या मृत्यूचे दाखले, सगळे जुने फेरफार, खरेदीखताची सूची क्रमांक 2, 1998 च्या हक्कसोडीची झेरॉक्स, हरकतीची पोच. कूळ कायद्याखाली 32म चा (कुळाने जमीन विकत घेतल्याचा) दाखला घरात कुठे असेल तर तोही, कारण मग अशा जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या कलम 43 ची भानगड वेगळी तपासावी लागेल. आणि धाकट्या आत्यांना सोबत आणा. त्यांचे गुडघे दुखत असतील तर मी खाली पडवीत बसून ऐकून घेईन, माझं ऑफिस माडीवर आहे.